हरलेला पैसा जातो कुठे?

जुगार वाईट, हे सांगायला कुणी लागत नाही. जुगाऱ्याचं घर कसं धुऊन निघतं याच्या गोष्टी गावोगाव आहेत. त्या सगळ्या जुगाऱ्यापाशी सुरू होतात आणि जुगाऱ्यापाशीच संपतात: त्याची लत, त्याचं कर्ज, बायकोच्या गळ्यातून उतरलेलं डोरलं. त्या डोरल्याचे पैसे कुणाच्या खिशात गेले, तिथून पुढे कुठे गेले, फिरून कधी त्या गावात आले का, हे सहसा कुणी विचारत नाही. मला तोच प्रश्न मोठा वाटतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका इथल्या मूळनिवासी समाजांची जुगाराशी जी गाठ पडली, ती नीतिकथेच्या चष्म्यातून पाहिली तर फारसं काही हाती लागत नाही. पैशाच्या मागे चालत गेलं तर बरंच दिसतं.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला आर्नहेम लँड हा मूळनिवासींचा विस्तीर्ण मुलूख आहे. तिथे पत्ते कसे पोचले याचा माग सुलावेसी बेटाकडे जातो. मकास्सारचे खलाशी पावसाळी वाऱ्यांबरोबर दरसाल या किनाऱ्यावर समुद्रकाकडी गोळा करायला येत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती ये-जा बंद झाली. पत्ते त्यांच्याबरोबर आले असं मानलं जातं. पुढे वस्त्यांमध्ये रोख पैसा आला, सरकारी भत्ते सुरू झाले आणि भत्त्याच्या दिवशी झाडाखाली, घोंगडीभोवती पत्त्यांचं रिंगण बसणं हा रिवाज झाला. बायका खेळतात, म्हातारे खेळतात, तान्ही मुलं मांडीवर असतात.

वरून पाहणाऱ्याला हा भत्त्याचा सत्यानाश दिसे. जॉन ऑल्टमन या मानववंशशास्त्रज्ञाने मात्र पैशाचा हिशेब मांडला आणि १९८५ साली तो निबंधरूपाने प्रसिद्ध केला. त्याचं म्हणणं साधं होतं. समजा दहा जण प्रत्येकी पन्नास डॉलर घेऊन बसले. पहाटे डाव मोडला तेव्हा पाचशेच्या पाचशे डॉलर त्या रिंगणातच आहेत. फक्त ते आता दोघातिघांकडे आहेत. जिथे बँक नाही, आणि हातात आलेली नोट कुणा ना कुणा नातेवाइकाच्या हक्काच्या मागणीपुढे टिकत नाही, तिथे पन्नास पन्नास डॉलरमधून जुनी गाडी किंवा बोटीचं इंजिन कधीच येत नाही. पाचशे-हजार एकत्र झाले तर येतं. रिंगण हे काम करत होतं. आपल्याकडच्या भिशीसारखंच, फक्त नंबर कुणाचा लागणार हे पत्ते ठरवत. आणि जिंकणाऱ्याची सुटका नव्हतीच: गाडी घेतली की ती सगळ्यांची, मेव्हण्याला शिकारीला न्यायची, मावशीला दवाखान्यात पोचवायची. पुढच्या पंधरवड्यात दुसरा कुणी जिंके.

याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. रात्रभर रिंगण चाललं की पोरं उपाशी झोपतात, सकाळी शाळेत जात नाहीत. बाहेरून आलेला एखादा तरबेज खेळाडू सगळं गोळा करून निघून जातो. भांडणं होतात. पण त्या रिंगणात एक माणूस नव्हता, तो म्हणजे नाल काढणारा.

नाल म्हणजे काय हे आपल्याकडे पत्त्यांच्या क्लबाच्या आसपास राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. कुणीही जिंको, दर डावामागे अड्डेवाल्याचा हिस्सा बाजूला पडतो. अड्डेवाला कधी हरत नाही, कारण तो खेळतच नाही. १८८७ सालचा आपला मुंबई इलाख्याचा जुगारबंदी कायदा अजून महाराष्ट्रात चालू आहे. तोसुद्धा जुगाराचा अड्डा ओळखतो तो याच खुणेवरून: जागेच्या किंवा साधनांच्या मालकाला त्यातून फायदा होतो की नाही. गोऱ्या साहेबाच्या कायद्याला जी गोष्ट कळली ती आपल्या नैतिक चर्चांना बऱ्याचदा कळत नाही.

आता रिंगणाच्या जागी यंत्र ठेवा. न्यू साउथ वेल्सने १९५६ साली क्लबांमध्ये पोकर मशीनला परवानगी दिली. ऑस्ट्रेलियात त्याला सगळे पोकी म्हणतात. शंभर डॉलरच्या पैजांमागे नव्वद परत देणारं यंत्र धरू. ऐकायला हे उदारच वाटतं. पण खेळणारा आलेले नव्वद पुन्हा लावतो. एक्याऐंशी येतात, तेही लावतो. अशा दहा फेऱ्यांनंतर सरासरीने पस्तीस उरतात, वीस फेऱ्यांनंतर बारा. एक डॉलरचं एक बटण दाबायला तीन-चार सेकंद लागतात, म्हणजे हे सगळं एका दुपारीत आटोपतं. पाचशे डॉलर घेऊन दहा जण या यंत्रांपुढे बसले तर संध्याकाळी त्यांच्यात पाचशे नसतात. दोघातिघांकडे जमलेली रक्कमही नसते, जुनी गाडीही येत नाही. पैसा वस्तीतून उठून क्लबाच्या मालकाकडे, यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडे आणि राज्याच्या तिजोरीत गेला. माणसं तीच, हौस तीच, कदाचित लतही तीच. मधे नाल आली.

ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने २०१० साली दिलेल्या अहवालाचा अंदाज असा, की पोकींवर जाणाऱ्या पैशातला सुमारे ४० टक्के वाटा ज्यांचा जुगार हाताबाहेर गेला आहे त्यांच्याकडून येतो. म्हणजे लत हा या धंद्यातला अपघात नव्हे, मिळकतीचा मोठा आधारच आहे. आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, अमेरिका या चारही देशांतल्या पाहण्यांत मूळनिवासींमध्ये जुगार हाताबाहेर गेलेल्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त सापडतं. कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही: गेलेली जमीन, तोडलेली घरं, तुटपुंजं उत्पन्न, रिकामा दिवस, आणि नेमकं तिथेच उघडं असलेलं यंत्रांचं दार.

न्यूझीलंडची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे दारूगुत्त्यांतल्या पोकी चालवणाऱ्या संस्थांना बक्षिसं आणि जीएसटी वगळून उरणाऱ्या मिळकतीचा किमान ४० टक्के भाग समाजकार्यासाठी अनुदान म्हणून वाटावा लागतो. खेळाचे क्लब, शाळा, रुग्णवाहिका, कधी तिथल्या मूळनिवासी माओरींची सभागृहंसुद्धा या पैशावर चालतात. वरवर पाहता पैसा परत आला. पण यंत्रं मोठ्या संख्येने आहेत ती गरीब, माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांची दाट वस्ती असलेल्या उपनगरांत. अनुदानाचा अर्ज लिहायला वकील-हिशेबनीस असलेला क्लब असतो दुसरीकडे. आणि ज्या माओरी संस्थेला अनुदान मिळतं तिची अडचण तर विचारूच नका. आपल्याच लोकांना जुगारातून सोडवायचं काम ती करते, त्याच लोकांच्या हरण्यातून आलेल्या पैशावर.

आपल्या देशातही एक उदाहरण आहे, ज्याची महाराष्ट्रात फारशी चर्चा होत नाही. शिलाँगला खासी लोकांचा तीर. धनुर्विद्या हा खासींचा जुना अभिमान, गावागावांतल्या स्पर्धांचा खेळ. आज शिलाँगच्या मैदानावर क्लबांचे तिरंदाज अर्धवर्तुळात बसतात, गवताच्या दंडगोलावर शेकड्यांनी बाण सोडतात, आणि मग लागलेले बाण सगळ्यांसमोर मोजले जातात. एकूण संख्येचे शेवटचे दोन आकडे हा त्या फेरीचा निकाल. मटक्यासारखंच शून्य-शून्य ते नव्व्याण्णवमधला आकडा लावायचा. रात्री स्वप्नात काय दिसलं त्यावरून आकडा काढायचं एक शास्त्रही आहे. मेघालयाने १९८० च्या दशकात याला कायद्यात बसवलं आणि त्यावर कर लावला. पहिल्या फेरीत रुपयाला ऐंशी रुपये मिळतात. शंभर आकड्यांपैकी एक लागायचा तर बिनफायद्याचा भाव शंभर व्हायला हवा होता. मधले वीस म्हणजे नाल. फरक एवढाच, की ही नाल मुख्यतः त्याच डोंगरात राहते: तिरंदाज, क्लब, टपरीवाले, राज्याचा कर. तीर चांगला असं म्हणायचं नाही. तोही रोजंदारीवाल्याचा खिसा कापतो. पण कापलेला खिसा आणि भरलेला खिसा एकाच बाजारात फिरतात, म्हणून शिलाँगमध्ये तिरावर जी भांडणं होतात ती आपसातली असतात. उलट आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडच्या कोंबडबाजारात गावातल्या जुन्या कोंबड्यांच्या झुंजीभोवती बाहेरून मोटारसायकलींवर येणाऱ्या पैजवाल्यांची गर्दी झाली, की गावाच्या वाट्याला मेलेला कोंबडा आणि पोलिसांची धाड एवढंच येतं.

मग कुणीतरी उलटा प्रश्न विचारणारच: नाल जर कुणीतरी काढणारच आहे, तर ती आपणच का काढू नये? हा प्रश्न अमेरिकेत विचारला गेला.

फ्लोरिडातल्या सेमिनोल जमातीने १९७९ साली हॉलिवूड नावाच्या गावात (सिनेमाचं ते नव्हे) मोठ्या बक्षिसांचा बिंगो सुरू केला. राज्याच्या कायद्यात बक्षिसाला शंभर डॉलरची मर्यादा होती. सेमिनोलांचं म्हणणं, आमच्या राखीव जमिनीवर तो नियम चालत नाही. खटले झाले. कॅलिफोर्नियात काबाझोन नावाची जेमतेम २५ सदस्यांची जमात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९८७ साली जिंकली: जो जुगार राज्य स्वतः होऊ देतं, तो जमातीच्या भूमीवर राज्याला रोखता येणार नाही. दुसऱ्याच वर्षी, १९८८ मध्ये, काँग्रेसने कायदा करून या धंद्याला चौकट घातली. कॅसिनोसाठी राज्याशी करार हवा, धंद्याची मालकी जमातीचीच हवी आणि नफा जमातीचा कारभार, लोककल्याण, आर्थिक विकास अशा ठरावीक कामांनाच लावायचा. माणशी रोख वाटायचा तर त्याची योजना मंजूर करून घ्यायची. २०२३ च्या आर्थिक वर्षात या कॅसिनोंची एकूण मिळकत ४१.९ अब्ज डॉलर होती.

या पैशाने काय होतं, याचं सगळ्यांत बारकाईने पाहिलेलं उदाहरण नॉर्थ कॅरोलिनातल्या पूर्व चेरोकींचं आहे, आणि ते योगायोगाने सापडलं. ड्यूक विद्यापीठाच्या जेन कॉस्टेलो यांनी १९९३ साली त्या डोंगराळ भागातली १,४२० मुलं निवडून त्यांच्या मानसिक आरोग्याची वर्षानुवर्षं नोंद ठेवायला सुरुवात केली. त्यांतली साडेतीनशे मूळनिवासी होती. कॅसिनोचा त्यांच्या अभ्यासाशी काही संबंध नव्हता. मधेच कॅसिनो आला आणि जमातीने नफ्याचा हिस्सा वर्षातून दोनदा प्रत्येक सदस्याला द्यायला सुरुवात केली, मग तो काम करो न करो, श्रीमंत असो की गरीब. २००१ पर्यंत हा हिस्सा वर्षाला सहा हजार डॉलरच्या घरात गेला. त्याच मुलांच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी तयारच होत्या. असा प्रयोग कुणी ठरवून करू म्हणता करता आला नसता.

२००३ साली निष्कर्ष आले. ज्या घरांची गरिबी या पैशाने हटली, त्या घरांतल्या मुलांचा दंगा, मारामाऱ्या, चोऱ्यामाऱ्या, वर्तनाचे म्हणून जे विकार मोजतात ते सुमारे ४० टक्क्यांनी उतरले, जवळपास कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीला आले. चिंता-नैराश्य मात्र फारसं हललं नाही. कशामुळे हा फरक, याचा शोध घेतला तेव्हा सगळ्यांत ठळक दुवा निघाला तो आईबापांच्या नजरेचा: मुलं कुठे आहेत, कुणाबरोबर आहेत, यावर लक्ष ठेवायला त्यांना सवड झाली होती. रोजच्या ओढाताणीत जी सवड नव्हती ती पैशाने विकत मिळाली. पुढच्या अभ्यासांत सर्वांत गरीब घरांतल्या मुलांचं शिक्षण सरासरीने वर्षभर वाढल्याचंही दिसलं.

सोनं कसाला लावायचं तर दुसरी बाजूही पाहायला हवी. ज्या महिन्यांत हप्ता येई त्या महिन्यांत चेरोकींमध्ये अपघाती मृत्यू वाढत, असं आणखी एका अभ्यासात निघालं. आणि मुलांचा साठवलेला हिस्सा अठराव्या वर्षी, शाळा पूर्ण केली की एकरकमी हातात पडे. अठराव्या वर्षी एवढी रक्कम हातात आली की काय होतं, ते समजायला अभ्यासाची गरज नव्हती; पुढे जमातीने ती टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरवलं. आर्नहेम लँडमधल्या रिंगणाने जमवलेली मोठी रक्कम आणि इथली मोठी रक्कम यांत एक फरक मला दिसतो. तिथे ती मिळताच दहा नातेवाइकांचे हात पुढे येत. इथे ती एकट्याची होती.

पण धागा सोडू नये. चेरोकी घरात पैसा आला, तो कुणाच्या घरातून आला? अटलांटा, नॉक्सव्हिल, शार्लट इथून गाड्या भरून येणाऱ्या माणसांच्या घरांतून. त्या घरांतल्या मुलांच्या वागणुकीची नोंद ठेवायला तिथे कोणतं विद्यापीठ गेलं नव्हतं. कॉस्टेलो यांचा निष्कर्ष पैशाबद्दल आहे, कॅसिनोबद्दल नाही. तेच सहा हजार डॉलर कोळशाच्या खाणीतून किंवा सरकारी तिजोरीतून आले असते तरी आईबापांना सवड झालीच असती. कॅसिनोच्या बाजूने बोलणारे हा अभ्यास पुढे करतात तेव्हा अर्धाच हिशेब दाखवतात.

आणि जिथे बाहेरून येणारं कुणी नाही तिथे? साउथ डकोटातल्या पाइन रिजवर ओगलाला लाकोटांनी १९९० च्या दशकात प्रेअरी विंड नावाचा कॅसिनो काढला. आजूबाजूला मैलोन्‌मैल गवताळ माळ, जवळ मोठं शहर नाही. तो भाग आजही अमेरिकेतल्या सर्वांत गरीब भागांत गणला जातो. कनेक्टिकटमध्ये न्यूयॉर्क आणि बोस्टनच्या मधोमध वसलेल्या मॅशनटकेट पीकोट या मूठभर माणसांच्या जमातीला याच कायद्याने इतके पैसे दिले, की सदस्यांना वर्षाला लाखभर डॉलर मिळत. कायदा एक, नशीब नकाशावरच्या जागेचं. जमातींना ज्या नापीक, आडवळणी जमिनींवर एकेकाळी हुसकावलं होतं, त्या आडवळणाचा हिशेब असा शंभर वर्षांनी पुन्हा चुकता झाला. पीकोटांचंही टिकलं नाही म्हणा; मंदीत त्यांच्या फॉक्सवुड्स कॅसिनोवरचं कर्ज दोन अब्ज डॉलरच्या वर गेलं आणि माणशी वाटप बंद पडलं.

नाल आपली झाली की पुढचा प्रश्न येतो: आपली म्हणजे कुणाची? वाटा माणशी असेल तर माणसं कमी झाली की वाटा वाढतो. जमातीचा सदस्य कोण हे ठरवायचा अधिकार जमातीचा, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच शिक्कामोर्तब केलं होतं, त्यामुळे ज्याचं नाव कापलं त्याला दाद मागायला जवळपास जागा नाही. कॅलिफोर्नियातल्या कित्येक जमातींनी कॅसिनोचे दिवस आल्यावर वंशावळ्या तपासून शेकड्यांनी माणसं वगळली. चुकचान्सी जमातीत दोन गटांचा वाद इतका चिघळला, की २०१४ च्या ऑक्टोबरात हत्यारबंद माणसं कॅसिनोत घुसली आणि तो वर्षाहून अधिक काळ बंद राहिला. त्याच्याही आधी, १९९० साली, न्यूयॉर्क-कॅनडा सीमेवरच्या अक्वेसास्ने इथे मोहॉक लोकांत जुगाराच्या बाजूचे आणि विरोधातले असे उघड तट पडले, रस्ते अडवले गेले, गोळीबारात दोन माणसं मेली. जी माणसं अडीचशे वर्षं जमिनीसाठी गोऱ्यांशी भांडली त्यांना यंत्रांच्या मालकीवरून सख्ख्यांशी भांडावं लागलं.

नाव्हाहो जमातीने म्हणूनच कॅसिनो काढायला वेळ घेतला असावा. जुगार त्यांना परका नाही. स्टुअर्ट क्युलिनने १९०७ साली उत्तर अमेरिकेतल्या जमातींच्या खेळांचा आठशेहून अधिक पानांचा ग्रंथ काढला, त्यात पैजांचे खेळ पानोपानी आहेत. नाव्हाहोंचा मोकॅसिनचा खेळ फक्त हिवाळ्यात, फक्त रात्री खेळायचा. चामडी जोड्यांत खडा लपवायचा आणि ओळखायचा. दिवसाच्या आणि रात्रीच्या प्राण्यांनी कायमचा दिवस असावा की रात्र, यावर हा खेळ मांडला आणि कुणीच जिंकलं नाही, अशी त्यामागची कथा. पण त्यांच्याकडे दुसरीही कथा आहे, महाजुगाऱ्याची. चाको दरीत आलेल्या त्या माणसाने लोकांकडून पैजेत आधी वस्तू जिंकल्या, मग बायकापोरं, मग ती माणसंच, आणि त्यांच्याकडून आपले वाडे बांधून घेतले. आपल्याला इथे द्यूतसभा आठवेल. नाव्हाहोंच्या कथेत सोडवायला एक तरुण येतो; वटवाघूळ, उंदीर, साप अशा साध्या प्राण्यांच्या मदतीने तो महाजुगाऱ्याला त्याच्याच खेळांत हरवतो आणि धनुष्यावर लावून आकाशात भिरकावून देतो. महाजुगाऱ्याचं पाप खेळण्यात नव्हतं; त्याच्याकडे गेलेलं काही परत फिरत नव्हतं.

कॅसिनो काढावा का, यावर नाव्हाहोंनी १९९४ आणि १९९७ साली मतदान करून नाही म्हटलं. या चर्चांत महाजुगाऱ्याचं नाव निघे. २००४ मध्ये कौल फिरला आणि २००८ च्या नोव्हेंबरात न्यू मेक्सिकोतल्या गॅलपजवळ, आंतरराज्य महामार्ग ४० च्या कडेला त्यांचा पहिला कॅसिनो उघडला. जागा महामार्गाची निवडली ती वाटसरूंचे पैसे यावेत म्हणून. पण गॅलप हे नाव्हाहोंचं बाजाराचं गावही आहे. भत्त्याच्या दिवशी तिथे येतात ते त्यांचेच लोक.

आता तर जागेचाही प्रश्न उरला नाही. पैज फोनवर लागते. सेमिनोलांनी हे वेळीच ओळखलं. फ्लोरिडाशी २०२१ साली केलेल्या करारात त्यांनी लिहून घेतलं की राज्यात कुठूनही फोनवर लावलेली पैज जमातीच्या भूमीवर लागली असं धरायचं, कारण ती स्वीकारणारे सर्व्हर त्या भूमीवर आहेत. विरोधातली याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ऐकायचं नाकारलं. आर्नहेम लँड ज्यात येतो त्या ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत नेमकं याच्या उलट आहे. १९७६ च्या कायद्यानंतर तिथली जवळपास निम्मी जमीन मूळनिवासींच्या मालकीची झाली. देशातल्या बहुतेक ऑनलाइन पैजकंपन्यांना परवाना याच टेरिटरीचं सरकार देतं, त्यांतल्या मोठ्यांचे मालक आयर्लंड आणि इंग्लंडमध्ये बसतात. आर्नहेम लँडमधल्या वस्तीत झाडाखाली बसलेला माणूस फोनवरून फुटबॉलच्या सामन्यावर पन्नास डॉलर लावतो. त्या पैजेतल्या नालेवर वस्तीचा हक्क नाही आणि परवाना कुणाला द्यायचा यात जमिनीच्या मालकांना कुणी विचारत नाही.